ओठ पुढे, आवाज मागे

बाबांना राग आला की ते ओरडत नाहीत, कानातलं मशीन काढतात. आधी उजव्या कानातलं, मग डाव्या, आणि दोन्ही निळ्या डबीत ठेवून झाकण लावतात. झाकण लागताना टक् असा आवाज होतो. तो त्यांना ऐकू येत नाही, मला येतो. त्या मे महिन्यात मी तो टक् इतक्यांदा ऐकला की अजूनही कुणी चष्म्याची डबी बंद केली तरी माझं डोकं फिरतं.

बाबा आयुष्यभर भिलाईच्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये होते. लाल तापलेलं लोखंड रोलरखालून जाताना जो आवाज होतो तो मी एकदाच ऐकला, शाळेची सहल नेली होती तेव्हा, आणि घरी येऊन दोन दिवस माझे कान वाजत होते. बाबांनी तो रोज ऐकला. निवृत्त होईपर्यंत कान निम्म्याहून जास्त गेलेले. मिलमध्ये शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी उपयोग नसतो, म्हणून तिथं सगळे हातांनी आणि ओठांनी बोलायचे. शब्द तोंडात नीट घडवायचा, ओठ मोठे करायचे आणि आवाज काढायचाच नाही. काढून करायचं काय!

हे बोलणं बाबांनी घरी आणलं आणि आईनं ते असं उचललं की विचारू नका. लग्नाच्या मांडवात बायकांच्या घोळक्यातून ती पुरुषांच्या पंगतीतल्या बाबांना सांगायची, जिलबी तिसऱ्यांदा घेऊ नका. विहारात वंदना चालू असताना सांगायची, पंखा आपल्याकडं फिरवा. पाहुणे समोर बसलेले असताना दूध संपल्याचं सांगायची आणि बाबा शर्ट घालून गुपचूप बाहेर पडायचे. प्लांटनं दिलेल्या रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं भावंडं लहान होतो तेव्हा आमचा फार जळफळाट व्हायचा. आम्ही विचारायचो, "काय बोलून राहिले तुम्ही दोघं?" तर आई म्हणायची, "काई नाही वं." मला ते वाचायला कधीच आलं नाही. धीर लागतो त्याला, आणि धीर माझ्याकडं नाही.

त्या मेच्या आधीच्या हिवाळ्यात आई गेली. सकाळी चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली, पुन्हा उठली नाही. त्यानंतर बाबांनी मशीन डबीत ठेवलं ते ठेवलंच. निवृत्तीनंतर ते रिसालीत राहायला आले होते, मीही तिथंच, दोन गल्ल्या सोडून राहते. शाळेतून सुटले की त्यांच्याकडं जायचे, तर ते खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले आणि डबी टीव्हीच्या शेजारी, धूळ खात.

"बाबा, मशीन कावून नाही लावत?"

"कोणाचं आयकू आता?"

"माझं आयका."

"तुहं तर बिना मशीनीचंही आयकू येते. गल्लीले आयकू येते."

बोलायला हे असे. पण दिवसेंदिवस तेवढंही बोलणं कमी झालं. मी बोलायचे आणि ते मान हलवायचे, कधी हो म्हणून, कधी उगीच. डॉक्टर म्हणाले होते की मशीन वापरलं नाही तर उरलेलं ऐकूही जाईल, मेंदूची सवय सुटते. हे मी त्यांना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

मग उन्हाळ्याच्या सुटीत एक दिवस ते आपणहून म्हणाले, "तू मागच्या उन्हाळ्यात तुह्या मायचा व्हिडिओ काढला होता ना, तो टीव्हीवर लाव. मोबाइलमधी तिचे ओठ दिसत नाही मले."

आणि स्वतः उठून डबी उघडली. नवे सेल घातले, मशीन कानात बसवलं, शिट्टी वाजली ती बंद केली आणि सोफ्यावर टीव्हीसमोर जाऊन बसले. मला वाटलं, चला, आता हे मशीन उतरवून द्यायचं नाही. एक व्हिडिओ टीव्हीवर लावायचा, त्यात काय मोठं? मी शाळेत गणित शिकवते, नववी-दहावीला. पेनड्राइव्ह टीव्हीला लावणं मला अवघड वाटायचं काही कारण नव्हतं.

टीव्हीनं पेनड्राइव्ह घेतला, फाइलीचं नाव दाखवलं आणि खाली लिहिलं, हा फॉरमॅट चालत नाही.

व्हिडिओबद्दल सांगते. आदल्या मे महिन्यात मी हट्टानं आईला खुर्चीत बसवलं होतं आणि म्हटलं होतं, लग्न होऊन भंडाऱ्याकडून तू इथं भिलाईत कशी आलीस ते सगळं सांग. बाहेर ऊन मरणाचं, म्हणून पडदे ओढलेले. कूलरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये नको म्हणून कूलर बंद. मोबाइल स्टँडवर आणि मी त्याच्या मागं, घामाघूम. बाबा कोपऱ्यातल्या पलंगावर बसले होते, माझ्या डावीकडं. आई तासभर बोलली. लोखंडी पेटी घेऊन दुर्गच्या स्टेशनवर कशी उतरली, पहिल्या दिवशी प्लांटच्या भट्ट्यांमुळं आकाश रात्रीही लाल दिसलं तेव्हा आग लागली म्हणून कशी घाबरली, शेजारणीची छत्तीसगढी समजेना आणि हिची तिला समजेना तेव्हा दोघी नुसत्या हसत कशा बसायच्या. बोलता बोलता मधेच थांबायची, डावीकडं बघायची. मग मी खेकसायचे, "आई, तिकडं काय पाहते? इकडं पाह ना, मोबाइलमधी!"

तर हा व्हिडिओ. भावाला पुण्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आणि त्याला जगातलं सगळंच सोपं असतं.

"ताई, सिंपल आहे. कन्व्हर्ट करून घे. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, लिंक पाठवतो."

लिंक आली. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर घेतलं, फाइल टाकली, बटण दाबलं. दुपारभर लॅपटॉपचा पंखा कूलरसारखा घरघरत होता. संध्याकाळी नवी फाइल तयार. टीव्हीवर लावली आणि काय सांगू, आई दिसली! एवढी मोठी, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसकट. आवाजही आला. बाबा पुढं सरकून बसले.

थोडा वेळ झाला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"बाई, हे काय होऊन राहिलं? तुही माय अगोदर तोंड हालवते अन् मंग बोलते."

मी पाहिलं. खरंच. आईचे ओठ पुढं चालले होते आणि आवाज मागून येत होता. आधी जरासाच, मग वाढत वाढत गेला. ती हसून झाल्यावर हसू ऐकू यायचं. शेवटी तर चित्र संपून पडदा गोठला आणि आई आपली बोलतेच आहे.

तुम्हा-आम्हाला हे त्रासदायक वाटेल, फार तर चीड येईल. बाबांचं तसं नव्हतं. त्यांना मशीनमधून अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं ते ओठांवरून भरून काढतात. ओठ एक सांगतायत आणि कान दुसरंच, म्हटल्यावर त्यांना दोन्हीकडून काहीच मिळेना. ते म्हणाले, "दोन बाया एका वक्ती बोलून राहिल्यासारखं वाटते." आणि मशीन काढलं. टक्.

दुसऱ्या दिवशी भावाला फोन. "अगं, ऑडिओला डिले टाक." म्हणजे आवाज पुढं-मागं सरकवायचा. सरकवला. आता मधली पाच मिनिटं जुळायची, सुरुवात बिघडलेली आणि शेवट बिघडलेला. परत फोन. "मग ऑडिओ थोडा स्पीड अप कर, लांबी सेम होईल." केलं. लांबी सेम झाली आणि आई अशी भराभरा बोलायला लागली, जणू तिची गाडी सुटतेय.

बाबांनी दोन मिनिटं पाहिलं. "ही तुही मावशी आहे. तुही माय नाही." टक्.

बरं, एवढं करूनही ओठ जुळलेच नव्हते. कुठं आवाज मागं, कुठं चक्क पुढं. सरळ हिशेबात फरक वाढत गेला असता तर मी तो काढलाही असता, त्रैराशिक मुलांना शिकवते मी! पण हा फरक कधी पळायचा, कधी चालायचा, कधी बसून राहायचा. मी भावाला म्हटलं, "तू इथं ये आणि कर." तर म्हणाला, "ताई, मीटिंग आहे, तुला पाच मिनिटांत फोन करतो." ती पाच मिनिटं पुण्यात अजून चालू आहेत.

मग गेले हुडको वस्तीत, एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडं. एसी दुकान, भिंतीवर नवरा-नवरीचे हे मोठाले फोटो. त्यानं फाइल बघितली, आई बोलतेय ते बघितलं आणि खुर्ची माझ्याकडं फिरवली.

"मैडम, मोबाइल का वीडियो है, थोड़ा-बहुत तो खिसकेगा ही. ऐसा करते हैं, आवाज़ निकाल देते हैं और पीछे बढ़िया म्यूज़िक डाल देते हैं. बीच-बीच में फूल गिरा देंगे. किसी को पता नहीं चलेगा."

माझ्या आईवर फुलं पाडणार होता तो! मी म्हटलं, "भैया, मेरे पिताजी को पता चलेगा." तो म्हणाला, "उनको तो सुनाई कम देता है ना?" मी पेनड्राइव्ह उपटला आणि बाहेर आले. स्कूटीची सीट इतकी तापलेली की बसता येईना, आणि उभ्या उभ्या मला रडू आलं. दुःखानं नाही, संतापानं.

घरी आल्यावर ठरवलं की आता कुणाला विचारायचं नाही, हातानंच करायचं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात वर चित्राची पट्टी आणि खाली आवाजाची रेघ असते. माणूस बोलला की रेघ वरखाली नाचते, गप्प बसला की सपाट. मी युक्ती काढली. रेघ जिथं सपाट, तिथं कात्री चालवायची. तो सपाट तुकडा चित्रासकट फेकून द्यायचा. मग पुढचं वाक्य उचलायचं, त्याचा पहिला शब्द आईच्या ओठांवर नेमका बसवायचा, आणि पुढचं सपाट येईपर्यंत सोडून द्यायचं. लहान तुकड्यात फरक पडायला वेळच मिळत नाही. मधलं माझं खेकसणंही मी कापून टाकलं, त्याचं काही वाईट वाटलं नाही.

सोपं वाटतं ना ऐकायला? सुटीचा अख्खा आठवडा त्यात गेला. मान आखडली. घरच्यांना सकाळ-संध्याकाळ खिचडी. नवरा लोणच्याची बरणी रोज थोडी जोरातच ठेवायचा. मी आपली रेघेला डोळे लावून. सपाट दिसलं की काप, सपाट दिसलं की काप.

झालं. पेनड्राइव्ह घेऊन गेले. बाबांना म्हटलं, शेवटचं एकदा मशीन लावा, माझी शपथ. त्यांनी लावलं. व्हिडिओ सुरू झाला, आणि ओठ आणि आवाज बरोबर चालले. स्टेशन आलं, पेटी आली, लाल आकाश आलं. शेजारणीची गंमत आली तेव्हा बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, जिंकले!

व्हिडिओ संपला. बाबा माझ्याकडं वळले.

"बाकीचं कुठं आहे?"

"बाकीचं काय? एवढंच आहे बाबा. सगळं बोलणं आलं."

"सगळं नाही आलं. मी तिथंच बसलो होतो ना पलंगावर. ती बोलता बोलता मलेही काहीबाही सांगे. ते कुठं आहे?"

मला क्षणभर समजेना. आणि मग समजलं. आई मधेच थांबायची, डावीकडं बघायची. डावीकडं बाबा होते. ती बाबांशी बोलत होती, त्यांच्या दोघांच्या बोलीत, बिनआवाजाच्या. रेघ सपाट नाही राहणार तर काय होणार! आणि मी, यांच्याच घरात लहानाची मोठी झालेली बाई, ते तुकडे एकेक करून शोधून शोधून कापले होते.

"तुह्यासंग बोलली ते ठेवलं," बाबा म्हणाले, "अन् माह्यासंग बोलली ते कापलं."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. पण हिशेब सांगावा तसं बोलले. मशीन काढलं, डबीत ठेवलं. टक्.

मी ओरडायला लागले. मला कसं कळणार, आठवडाभर मान मोडून बसले, कुणी मदत करत नाही, भाऊ मीटिंगमध्ये, आणि तुम्ही दोघं जन्मभर कुजबुजत राहिलात, आम्हाला कधी शिकवलंत का ते! हे सगळं मी स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणत होते. बाबांनी माझा दंड धरून मला वळवलं.

"चिडायचं असन तर तोंड इकडं करून चिड. मले समजत नाही."

काय करणार अशा माणसाचं? मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि या खेपेला ते संतापाचं नव्हतं.

मूळ फाइल मोबाइलमध्ये होती, नशीब. पण कात्रीची युक्ती आता बाद. काही कापायचं नाही आणि ओठ-आवाज तर जुळले पाहिजेत. म्हणजे मूळ रोग शोधणं आलं, जो मी इतके दिवस शोधलाच नव्हता, नुसते लेप लावत होते. मी चहा करून बसले आणि वाचायला लागले. हाच प्रश्न विचारणारे लोक जगभर पसरलेले होते, सगळे माझ्यासारखेच वैतागलेले. ते वाचून जरा बरं वाटलं.

रोग असा होता. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक चित्रं, सेकंदाला तीस, एवढं मला माहीत होतं. पण मोबाइल दर सेकंदाला तीसच काढेल असं नाही. खोलीत उजेड कमी असला, तो स्वतः तापला, की तो हात आखडता घेतो. कधी चोवीस काढतो, कधी अठरा, मग परत तीस. आवाज मात्र घड्याळाबरोबर सरळ चालत राहतो. मूळ फाइलीत प्रत्येक चित्राबरोबर त्याची वेळ नोंदलेली असते, म्हणून मोबाइलवर सगळं जुळतं. कन्व्हर्ट केलेल्या फाइलीतल्या त्या वेळा टीव्हीनं पाहिल्याच नाहीत आणि सगळी चित्रं सेकंदाला तीस या हिशेबानं लावली. जिथं अठराच होती तिथली लवकर संपली आणि ओठ आवाजाच्या पुढं पळाले. पडदे कुणी ओढले होते? मी. कूलर कुणी बंद केला होता? मी. मोबाइल तापला नसता तर नवल!

आणि उपाय? उपाय ऐकून मला लॅपटॉप खिडकीबाहेर फेकावासा वाटला. त्याच पहिल्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिल्याच पानावर, दोन गोल होते. एक म्हणे चित्रांचा बदलता वेग, एक स्थिर वेग. टिक पहिल्यावर होती. ती दुसऱ्यावर करायची, वेग तीसच ठेवायचा, बस. मग सॉफ्टवेअर एकही चित्र टाकून देत नाही. जिथं चित्रं कमी पडतात तिथं आधीचंच चित्र परत दाखवून वेळ भरून काढतं आणि आवाजाला हात लावत नाही. एक टिक! रोज डोळ्यांसमोर होती. भावाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "हो ना, मी म्हटलंच होतं सिंपल आहे." मी फोन ठेवून दिला.

परत दुपारभर घरघर. मी आधी स्वतः बघितलं, शेवटपर्यंत, न उठता. ओठ आणि आवाज एकमेकांना सोडत नव्हते. मग ते सपाट तुकडे आले आणि या वेळेला मी रेघ नाही, आईचं तोंड बघितलं. ती बोलत होती. स्पष्ट, ओठ मोठे करून, सावकाश. मला एक शब्द कळला नाही.

बाबा मशीन लावायला तयार नव्हते. "तुह्या नादात माहे सेल संपून राहिले," म्हणाले. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तोंड समोर धरलं आणि आईसारखे ओठ मोठे करून, आवाज न काढता म्हटलं, सगळं आहे. माझे ओठ काय वेडेवाकडे झाले असतील कोण जाणे. त्यांनी डबीकडं हात केला.

स्टेशन आलं, पेटी आली. आई थांबली, डावीकडं वळली, तिचे ओठ हलले. बाबा मोठ्यानं म्हणाले, "नाही, नाही होत गरम." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, काय म्हणाली? "कूलर बंद केला तं गरमी होऊन राहिली का, म्हणे." टीव्हीतून माझा आवाज खेकसला, आई तिकडं काय पाहते! आईनं आज्ञाधारकपणे समोर बघितलं.

लाल आकाश झालं आणि ती परत वळली. बाबा फिस्सकन हसले. "हिचा राग पाहा म्हणे, तुमच्यावर गेली." पुढच्या वेळेला ते हसले नाहीत, नुसते बघत राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "ते तुह्यासाठी नाही." मी परत विचारलं नाही.

शेवटी आईची गोष्ट संपली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि टीव्हीत मी म्हणाले, थांब आई, अजून एक सांग, पहिल्या पगाराचं सांग. आईनं माझ्याकडं बघून मान डोलावली. मग डावीकडं वळली आणि बाबांना काहीतरी सांगितलं, मोठं वाक्य, शेवटी हाताचा तळवा थोडा वर करून. बाबांनी मान हलवली. मी त्यांच्यासमोर तोंड नेलं.

"काय म्हणाली?"

"भूक लागली असन तं थांबा जरासे, म्हणे. पोरीचं होऊ द्या, मंग वाढते."

पहिल्या पगाराची गोष्ट झाली, टीव्हीत माझा हात पुढं आला आणि व्हिडिओ बंद झाला. मी डबीकडं बघत बसले, की आता टक् होईल. बाबांनी मशीन काढलं नाही. ते काळ्या टीव्हीकडं बघत होते.

"थांबलोच आहे ना मी," ते म्हणाले.